काच अडते कुठे?

पावसाळ्याच्या दिवसांत नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एखाद्या गॅरेजमध्ये तासभर थांबा. 'काच खाली गेली, आता वर येत नाही' अशी तक्रार घेऊन कोणीतरी येतेच. बटण दाबले तरी हालचाल नाही, सीट भिजलेली आणि मालक वैतागलेला. त्याला मिळणारे उत्तरही बहुधा ठरलेले असते : 'मोटर गेली. बदलावी लागेल.'

मोटर खरेच गेलेली असते का? कधी कधी असते. पण अनेकदा ती धडधाकट असते आणि काच अडते ती दुसरीकडेच. ते 'दुसरीकडे' शोधताना दहावीच्या पुस्तकातले विजेचे जवळजवळ सगळे धडे उपयोगी पडतात. म्हणून हा विषय शिक्षकांसाठी निवडला. (मोटार म्हणजे गाडी आणि मोटर म्हणजे विजेवर फिरणारे यंत्र, हा भेद या लेखात पाळला आहे. गॅरेजमध्ये तो पाळला जातोच असे नाही.)

नाशिकच्या मुलांना हा विषय परका नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत गाड्या आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात. २००२ साली आलेली स्कॉर्पिओ सातपूरच्याच महिंद्राच्या कारखान्यात बनू लागली. वर्गातल्या दोन-चार मुलांचे आईवडील अशा कारखान्यांत कामाला असण्याची शक्यता बरीच. त्यामुळे या धड्यासाठी 'स्थानिक तज्ज्ञ' शोधायला लांब जावे लागणार नाही.

काच यंत्राने वर-खाली करण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४०च्या सुमारास ती आपल्या महागड्या गाड्यांत आणली. पण त्या काचा तेलाच्या दाबावर चालत. प्रत्येक काचेला स्वतंत्र विजेची मोटर ही सोय नंतर आली. आपल्याकडे १९८३ अखेर रस्त्यावर आलेल्या मारुती ८००च्या काचा हाताने दांडा फिरवूनच वर-खाली कराव्या लागत. तो दांडा फिरवलेल्या वाचकांनी एक आठवून पाहावे : काच वर नेताना जोर लागायचा तो कशासाठी?

'काचेच्या वजनासाठी' हे उत्तर चटकन सुचते. आता हिशेब करू. दारातली काच साधारण ७० सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर उंच आणि साडेतीन मिलिमीटर जाड धरू. म्हणजे तिचे घनफळ सुमारे १२२५ घन सेंटिमीटर झाले. काचेची घनता दर घन सेंटिमीटरला अडीच ग्रॅम. म्हणजे काच भरली तीन किलोची. ती ४५ सेंटिमीटर उचलायला ३ × १० × ०.४५, म्हणजे साडेतेरा ज्यूल कार्य लागते. हे काम मोटर साडेचार सेकंदांत करते असे धरले तर शक्ती झाली अवघी ३ वॅट!

आता मोटर बॅटरीकडून किती घेते ते पाहा. काच नेहमीसारखी वर जात असताना अशी मोटर १२ व्होल्टवर साधारण ५ अँपियर प्रवाह घेते. म्हणजे ६० वॅट. साठातले तीन, म्हणजे शंभरातले पाच, काच उचलायला लागले. उरलेले पंचाण्णव गेले कुठे?

त्यासाठी दाराच्या आत डोकावू. मोटरीच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात. त्यांत एक प्लास्टिकचे दातेरी चाक अडकलेले असते. याला वर्म गिअर म्हणतात. वर्म एकपदरी असेल तर त्याच्या एका फेऱ्यात चाक फक्त एक दाता पुढे सरकते. त्यामुळे मोटर साठ-सत्तर वेळा फिरते तेव्हा कुठे चाकाचा एक फेरा होतो. चाकाच्या पुढे काच सरकवणारी यंत्रणा असते. गॅरेजमध्ये तिला 'काचेचे मशीन' म्हणतात. ते दोन प्रकारचे असते : एकात कात्रीसारख्या लोखंडी भुजा उघडतात आणि मिटतात, दुसऱ्यात फिरकीवर गुंडाळलेली पोलादी दोरी काचेला ओढते. काच दोन्ही बाजूंना रबराच्या खाचेत बसलेली असते. पाणी, धूळ आणि वारा आत येऊ नये म्हणून हे रबर तिला घट्ट धरून ठेवते.

वर्म गिअरचा एक मोठा गुण असा की मोटर फिरवली तर चाक फिरते, पण चाक फिरवून मोटर फिरत नाही. म्हणूनच बाहेरून काच खाली दाबून चोराला गाडी उघडता येत नाही आणि खड्ड्यात आदळली तरी काच घसरत नाही. या गुणाची किंमत मात्र मोजावी लागते. ती का, हे उताराच्या उदाहरणावरून समजते. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतारच. एका फळीच्या उतारावर लाकडी ठोकळा ठेवला आणि तो आपोआप घसरला नाही, याचा अर्थ घर्षण त्याला खाली ओढणाऱ्या बलाइतके तरी आहे. आता तोच ठोकळा फळीवरून वर ढकला. खाली ओढणाऱ्या बलाविरुद्ध जेवढे कार्य करावे लागेल, निदान तेवढेच घर्षणाविरुद्धही करावे लागेल. म्हणजे आपल्या मेहनतीतला निम्मा भाग तरी उष्णतेत जाणार. जे यंत्र उलटे फिरत नाही, त्याची कार्यक्षमता निम्म्यापेक्षा जास्त असू शकत नाही! फळी, ठोकळा आणि ताणकाटा एवढ्या सामानात हे वर्गात मोजून दाखवता येते.

म्हणजे साठ वॅटपैकी काही भाग मोटरीच्या तारांत उष्णता होऊन जातो, उरलेल्याचा निम्म्याहून जास्त भाग वर्म गिअर खातो आणि त्यानंतर जे हाती राहते ते मुख्यतः रबराशी झगडण्यात संपते. काचेचे वजन हा किरकोळ खर्च. म्हणूनच काच हळू चालू लागली की आम्ही आधी रबराकडे पाहा असे सांगतो. उन्हाने रबर कडक होते, खाचेत धूळ बसते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. मोटर तीच, बॅटरी तीच, पण खर्च वाढला. खाच ओल्या फडक्याने पुसून, वाळवून तिच्यात सिलिकॉनचा फवारा मारला तर अनेकदा काच पुन्हा पूर्वीसारखी पळते. इंजिनाचे तेल किंवा ग्रीस मात्र तिथे लावू नये. दारांसाठी वापरले जाणारे रबर खनिज तेलाने फुगते. मग काच आणखी अडते.

आता मोटरीकडे वळू. तिच्या वेटोळ्याचा रोध अर्धा ओहम आहे असे धरा. ओहमच्या नियमाने १२ व्होल्टवर २४ अँपियर प्रवाह जायला हवा. मग चालताना फक्त ५ कसा? कारण फिरणारी मोटर त्याच वेळी जनित्रही असते. चुंबकाच्या क्षेत्रात वेटोळे फिरते तेव्हा त्यात विरुद्ध दिशेचे विभवांतर निर्माण होते. इथे ते साडेनऊ व्होल्ट आहे. उरलेले अडीच व्होल्ट अर्ध्या ओहममधून ५ अँपियर ढकलतात. मोटर अडली की हे उलटे विभवांतर शून्य होते आणि प्रवाह थेट २४ अँपियरवर जातो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चालताना तारांत साडेबारा वॅट उष्णता होत होती, अडल्यावर २८८ वॅट. मुठीएवढ्या बंद डबीत ही तर इस्त्रीच झाली.

हे दाखवायला भंगारातली एक मोटर पुरे. ती जुन्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. मुलांना घेऊन त्र्यंबक रोडवरच्या आयटीआयमध्ये जाता आले तर आणखी चांगले. शाळेत प्रयोग करायचा तर मोटरसायकलची १२ व्होल्टची बॅटरी घ्या. हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब एकमेकांना समांतर जोडा आणि ही जोडी मोटरीशी एकसरीत लावा. बॅटरीजवळ एक फ्यूज हवाच. मोटर मोकळी फिरताना बल्ब जेमतेम लालसर दिसतील. आता मोटरीचे शेवटचे चाक पान्याने धरून थांबवा. बल्ब एकदम झगझगीत पेटतात! सोडले की पुन्हा मंद. उलटे विभवांतर हा शब्द फळ्यावर लिहिण्याआधी हा प्रयोग दोन-तीनदा करून पाहा आणि 'मोटर थांबवली तर बल्ब का पेटला?' हा प्रश्न मुलांवरच सोपवा. बल्बांमुळे प्रवाह मर्यादित राहतो, म्हणून मोटर जळण्याचीही भीती नाही. मात्र बल्ब तापतात, हात लावू नये.

काच पूर्ण वर गेल्यावरही बटण दाबून ठेवण्याची अनेकांना सवय असते. त्या प्रत्येक क्षणाला मोटर अडलेल्या अवस्थेत तापत असते. ती जळू नये म्हणून बहुतेक मोटरींच्या आत तापमानावर चालणारा एक राखणदार बसवलेला असतो : तापल्यावर वाकून संपर्क तोडणारी दोन धातूंची पट्टी किंवा तापल्यावर रोध एकदम वाढणारा पदार्थ. मुलांनी काच पाच-सहा वेळा वर-खाली केली आणि ती बंद पडली, तर घाबरू नये. दहा मिनिटे थांबावे. थंड झाल्यावर चालली तर राखणदाराने आपले काम केले, एवढेच.

आणि काच थांबूनही चालत नसेल तर? काहीही न उघडता एक परीक्षा करता येते. संध्याकाळी गाडीच्या आतला दिवा लावा, इंजिन बंद ठेवा (किल्ली मात्र चालू) आणि बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर मोठा प्रवाह वाहतो आहे, म्हणजे मोटरीपर्यंत वीज पोचली आहे पण यंत्रणा अडली आहे. दिवा ढिम्म राहिला तर वाट कुठेतरी तुटली आहे. मोटरीच्या आतही ती तुटलेली असू शकते. ते पाहायला एका हाताने बटण दाबून दुसऱ्या हाताच्या तळव्याने दारावर आतून ठोका. काच हलली तर मोटरीतले कार्बन ब्रश झिजले असण्याची शक्यता मोठी. धक्क्याने ब्रश क्षणभर टेकतो आणि मोटर सुटते. भर पावसात काच वर करून घर गाठायलाही ही युक्ती उपयोगी आहे.

पुढची पायरी दार उघडून मोटरीच्या जोडणीपाशी वीज येते का ते पाहण्याची. इथे मीटर फसवतो. जोडणी गंजून तिचा रोध २ ओहम झाला आहे असे समजा. मोटरीची जोडणी सोडवून तिथे डिजिटल मीटर लावला तर तो खुशाल १२ व्होल्ट दाखवेल. कारण मीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेतच नाही. प्रवाह नाही, तर २ ओहममध्ये विभवांतर खर्चही होत नाही. मीटर पाहणारा म्हणतो, 'वीज येते आहे, म्हणजे मोटर खराब.' नवी मोटर आणतो, आणि तीही चालत नाही! एकूण अडीच ओहममधून जास्तीत जास्त पावणेपाच-पाच अँपियर मिळणार. रबराच्या पकडीतून काच हलवायला सुरुवातीला याहून जास्त लागतो.

जुने मिस्त्री मीटरऐवजी दोन तारा जोडलेला बल्ब वापरतात. त्याला अडाणीपणा समजू नये. ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब साडेचार अँपियर मागतो, म्हणजे तो वाटेकडून खरे काम करून घेतो. वाट खराब असेल तर बल्ब मिणमिणतो आणि दोष लगेच दिसतो. डॅशबोर्डमधला लहानसा बल्ब लावला तर मात्र तोही मीटरसारखाच फसवेल.

वाट तुटण्याच्या जागा ठरावीक आहेत. फ्यूज सर्वांना ठाऊक असतो. दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये भात्यासारख्या घड्यांची रबरी नळी असते, तिच्यातून तारा जातात. दार उघडले-मिटले की त्या वाकतात, आणि काही वर्षांनी आवरण शाबूत ठेवून आतले तांबे तुटते. दार थोडे उघडे धरून बटण दाबल्यावर काच चालत असेल तर तिथेच पाहावे. आणि एक गमतीची जागा म्हणजे चालकाच्या दारातले बटण. साध्या रचनेत शेजारच्या दाराच्या मोटरीचा परतीचा मार्ग चालकाच्या बटणांतून जातो. त्यामुळे डावी काच अडते आणि दोष उजव्या दारात निघतो. उजवी काच उघडी राहून पाऊस त्याच बटणांवर पडलेला असेल, तर शोध तिथूनच सुरू करावा.

बल्ब लखलखीत पेटला, तरीही मोटर हलली नाही, तर मोटर काढायची वेळ आली. बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी. काच वर असेल तर चिकटपट्टीने दाराच्या चौकटीला पक्की बांधावी, कारण तिला धरून ठेवणारा वर्म गिअर आता सुटणार आहे. कात्रीच्या मशीनला काचेचे वजन तोलणारी जबर स्प्रिंग असते. मोटर सोडवताच भुजा झटक्याने फिरतात आणि बोटे सापडू शकतात. म्हणून भुजा आधी शिकंज्याने जखडावी. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात, हातमोजे घालावेत. आत चिकटवलेला प्लास्टिकचा कागद फाडून फेकण्याची घाई नको. काचेवरून दारात शिरणारे पाणी खालच्या भोकांतून बाहेर जाते, ते गाडीच्या आत येऊ न देणे हे त्या कागदाचे काम. दुरुस्तीनंतर पायाखाली पाणी साचू लागले, तर बहुधा हा कागद नीट चिकटवलेला नसतो.

मोटर उघडता येण्यासारखी असेल आणि फक्त ब्रश झिजले असतील, तर ब्रश बदलून, कम्युटेटर स्वच्छ करून तीच मोटर वापरावी, असे आमचे मत आहे. चाकाचे दाते तुटले असतील, आत पाणी शिरून चुंबक सुटले असेल किंवा डबी कायमची बंद केलेली असेल, तर नवी घ्यावी. डाव्या आणि उजव्या दाराच्या मोटरी आरशातल्या प्रतिमेसारख्या असतात, एकमेकींच्या जागी बसत नाहीत. दोरीच्या मशीनची दोरी उसवली असेल तर अख्खा सेट बदलण्यावाचून सहसा गत्यंतर नसते.

नवी घेताना किमतीआधी तारा मोजाव्यात. साध्या मोटरीला दोनच तारा असतात. त्यांतली धन-ऋण टोके उलटवली की काच उलट दिशेने जाते. काही मोटरींना जास्त तारा असतात. त्यांच्या आत दांड्यावर छोटे चुंबक आणि त्याचे फेरे मोजणारा संवेदक असतो. काच वर जाताना मध्ये काही सापडले की फेरे मंदावतात, ते ओळखून मोटर उलटी फिरते. ही सोय का हवी, ते बलाच्या आकड्यांवरून कळते. मोटर अडल्यावर तिच्या चाकावर साधारण ९ न्यूटन-मीटरचे आघूर्ण असते असे धरले आणि दोरीची फिरकी अडीच सेंटिमीटर त्रिज्येची असली, तर काच ३६० न्यूटन, म्हणजे ३६ किलो वजनाइतक्या बलाने वर दाबते. लहान मुलाच्या मानेसाठी हे प्राणघातक आहे. आपोआप वर जाणाऱ्या काचा १०० न्यूटनचे बल लागण्याआधी मागे फिरल्या पाहिजेत, असे अमेरिकेचे आणि युरोपचे नियम सांगतात. सीटवर गुडघे टेकून डोके बाहेर काढलेल्या मुलाचा गुडघा बटणावर पडला आणि काच वर गेली, असे अपघात अमेरिकेत झाले होते. म्हणून काच वर नेण्यासाठी बटण दाबावे न लागता ओढावे लागावे, अशी तरतूद तिथे २००५च्या कायद्याने आली. जुन्या गाड्यांत वर-खाली झुलणारी बटणे अजूनही दिसतात. अशा गाडीत चालकाच्या दारातले मागच्या काचा बंद करणारे कुलूप-बटण वापरावे, आणि मुले आत असताना किल्ली गाडीत ठेवून उतरू नये.

संवेदकाच्या मोटरीऐवजी स्वस्त म्हणून दोन तारांची मोटर जुगाड करून बसवली, तर काच चालेल, पण मागे फिरण्याची सोय गेलेली असेल आणि मालकाला ते कळणारही नाही. योग्य मोटर बसवल्यावरही तिला काचेची वरची आणि खालची हद्द पुन्हा शिकवावी लागते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवले की ती शिकते. प्रत्येक गाडीची रीत तिच्या पुस्तिकेत दिलेली असते. त्यानंतर गाडी ताब्यात घेण्याआधी काचेच्या वाटेत वर्तमानपत्राची जाड गुंडाळी आडवी धरून काच आपोआप वर जाऊ द्यावी. गुंडाळीला टेकून काच मागे फिरली पाहिजे. गुंडाळी चिरडली गेली, तर काम अपुरे आहे. ही परीक्षा हाताने कधीही घेऊ नये.